फळीवरचे आकडे

शालू, फळी वाळली.

ओळीनं तीन रविवार काट्यावर एकच आकडा आला, आठ किलो सहाशे. आपला नियमच होता तो. तीनदा तेच वजन भरलं की लाकूड वाळलं म्हणायचं, आणि मगच रंध्याला हात लावायचा. गेला रविवार तिसरा. आकडा पाहिला आणि तुला सांगायला वळलो, तर खाटेवर घडी केलेली चादर. तुला जाऊन नऊ महिने झाले, पण हे वळणं काही सुटत नाही.

आज गुरुवार. चार दिवस झाले, फळी खिडकीखाली दोन स्टुलांवर आडवी आहे आणि मी तिच्याभोवती फिरतो आहे. रंधा मारायचा म्हणजे वरचा थर काढायचा, आणि त्या थरावर तुझ्या हातचे आकडे आहेत. जाड लाल पेन्सिलीनं लिहिलेले, तिरपे, एकाखाली एक. ते आपल्या हातानं काढून टाकायचं जिवावर येतं, हे तर आहेच. पण दुसरी एक गोष्ट आहे. त्यातले काही आकडे खोटे आहेत, आणि ते तुला मी सांगितले होते. हे तू असताना बोलायला हवं होतं. बोललो नाही. आता निदान ते फळीवरून जायच्या आत तुला सांगून टाकावं म्हणून बसलो आहे.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. मी रिटायर झालो त्या वर्षी तुझे गुडघे गेले, माझेही काही फार शिल्लक नव्हते. खाली मांडी घालून बसणं दोघांचंही बंद झालं आणि आपण खाटेवर पेपर पसरून जेवायला लागलो. वरण सांडलं की कालच्या बातम्यांवर. पल्लवी पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, ऑनलाइन टेबल मागवून देते, दोन दिवसांत घरी येईल. तू म्हणालीस, "त्या भुश्याच्या फळीवर मी नाही जेवत. सागवानाचं बनवू आपण."

आपण म्हणजे कोण, असं मी विचारलं. सदतीस वर्षं मी सरकारी कचेरीत टपाल आणि हजेरीपट सांभाळले. घरात खिळा ठोकायचा झाला तरी मी हातोडी तुझ्या हातात द्यायचो आणि स्टूल धरून उभा राहायचो.

"तुम्ही रंधा मारसान," तू म्हणालीस. "मी सांगतो तसा."

सांगायला तू होतीसच. नरखेडकडच्या सुताराची पोरगी. तुझ्या बाबांनी जन्मभर संत्र्याचे लाकडी खोके ठोकले. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, चार खिळे इकडे, चार तिकडे, आणि खोका ट्रकात. हजारो खोके गावाबाहेर गेले आणि त्यांच्या स्वतःच्या घरात बसायला एक धड पाट नव्हता, असं तू हसत सांगायचीस. रंध्याला तुला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. "पोरीनं रंधा धरला त लोक का म्हणतीन?" एवढंच त्यांचं कारण. पण पाहायला बंदी नव्हती, आणि तू वीस वर्षं पाहिलंस. ते गेले तेव्हा तुझ्या भावांनी बाकीची हत्यारं वाटून घेतली. तू तेवढा रंधा मागून घेतलास आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलास. आपल्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्याचं करणार काय, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दिवाळी झाल्यावर आपण लकडगंजला, लाकडाच्या बाजारात गेलो. मी घरून कागदावर मापं लिहून नेली होती, आणि युट्यूबवर पाहून चार प्रश्नही पाठ केले होते. दुकानदार माझ्याशीच बोलत होता. तू जणू माझी पिशवी धरायला आली होतीस.

"एकदम सुखा माल हाये, भाऊ," तो म्हणाला. "दोन वर्षं झाले पडून हाये गोडाऊनमध्ये."

मी मान डोलावली. कागद काढून पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात तू पुढे झालीस, फळ्यांच्या थप्पीजवळ वाकलीस आणि वरच्या फळीवर गाल टेकवलास. भर बाजारात. हमाल थांबून बघायला लागले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी खिशातून मोबाइल काढून उगाच कानाला लावला.

"ताई, गाल काहून लावून राहिल्या?" दुकानदारानं विचारलं.

"दोन वर्षं पडून हाये त याले थंडी काहून लागून राहिली?" तू म्हणालीस. "हात लावून पाहा. ओलं हाये हे."

दुकानदार आधी हसला. मग त्यानं स्वतः हात लावून पाहिला, आणि त्यानंतर तासभर तो माझ्याकडे फिरकलाच नाही. तू एकेक फळी उभी करवून घेतलीस, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकलीस, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलीस आणि आतून सोन्यासारखा रंग निघेल म्हणालीस. कडेला पांढरं लाकूड जास्त असलेल्या बाजूला काढल्यास. खरंच वाळलेला मालही त्याच्याकडे होता, तो त्यानं आतून काढून दाखवला. त्याच्या टोकांना केसासारख्या भेगा होत्या. तू त्यावर नख फिरवलंस.

"याले घाईनं वाळवलं. वरून सुकलं, अंदरून रडून राहिलं," तू म्हणालीस. "ओलंच द्या, भाऊ. आम्ही वाळवून घेतो."

"वर्षाच्या वर लागीन, ताई."

"लागू द्या. आम्हाले कोणती घाई हाये?"

हे वाक्य आता रोज आठवतं. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते कळायची सोय नव्हती, हे मी स्वतःला समजावतो. तरीही त्या दिवशी भेगांचं का होईना, वाळलेलं लाकूड घेतलं असतं तर उन्हाळ्याच्या आत टेबल झालं असतं आणि तू त्यावर जेवली असतीस, हा हिशोब डोक्यातून जात नाही. तू म्हणशील, "अन् फाटलं असतं मंग?" फाटलं असतं तर फाटलं असतं गं. फाटक्या टेबलावर जेवलो असतो.

सहा फळ्या आणि पायांसाठी चार जाड तुकडे घरी आले. पुढच्या खोलीत, खाटेच्या बाजूच्या भिंतीला लागून आपण थप्पी लावली. खाली विटा, मग फळी, फळीवर आडव्या पट्ट्या, त्यावर पुढची फळी. मधून वारा खेळला पाहिजे. मी पट्ट्या अंदाजानं टाकल्या. तू म्हणालीस, पट्टीखाली पट्टी आलीच पाहिजे, नाहीतर फळी मधे पोट काढते. तीन वेळा थप्पी उलगडायला लावलीस. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो, की कचेरीत साहेबानंसुद्धा मला एक काम तीनदा करायला लावलं नव्हतं. तू म्हणालीस, "म्हणून त तुमच्या कचेरीचं तसं होतं."

दाराला मारलेला निळा रंग थोडा उरला होता, तो तू फळ्यांच्या टोकांना फासलास. टोकांतून पाणी लवकर निघून जातं आणि तिथूनच भेग पडते, म्हणून. वर पाटा, वरवंटा आणि जुनं जातं ठेवलं, फळ्यांनी डोकं वर काढू नये म्हणून. पल्लवी दिवाळीची राहिलेली सुटी काढून आली होती, ती म्हणाली, घर आहे की स्वयंपाकाचं म्युझियम.

वजनाची कल्पना माझी. तुझं सगळं गालावर आणि बोटाच्या पेरावर चालायचं. मला आकडा लागतो. लाकडातलं पाणी उडालं की वजन उतरणार, हे कुणालाही पटेल. पल्लवी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा विसरून गेली होती. तो मी छताच्या कडीला दोरीनं टांगला, जिला कधीकाळी तिचाच पाळणा टांगला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यात वरची फळी दोरीच्या फासात आडवी लटकवायची, मी आकडा वाचायचा, मग फळी परत थप्पीवर ठेवायची आणि तू खाटेवर बसल्या बसल्या वाकून तिच्यावर तो लिहायचा. काट्याचा आकडा बारीक, तुझं चष्म्यानंही भागत नव्हतं, म्हणून वाचणारा मी आणि लिहिणारी तू. मी तोच आकडा माझ्या खिशातल्या डायरीतही टिपायचो. तुझा हातावर विश्वास, माझा कागदावर.

पहिला आकडा अकरा किलो दोनशेचा. मग हिवाळाभर तो उतरत गेला, आधी भराभर, मग हळूहळू. डिसेंबरात सहाशे ग्रॅम कमी झालं तेव्हा आपण चहा करून प्यायलो. मार्चमध्ये नऊ किलो दोनशे. तोवर तुझ्या पायांवर सूज आली होती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि किडन्या थकल्याचं सांगितलं. औषधं दिली, पाणी मोजून दिलं, मीठ काढून घेतलं. आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की या उन्हाळ्यात त्यांना गरमी होऊ देऊ नका, घाम गाळू देऊ नका, त्यांना ते झेपणार नाही.

मी त्याच दिवशी कूलर काढला, धुतला, नवी खस बसवली आणि खिडकीत लावला. वारा थेट तुझ्या खाटेवर यायचा. आणि खाटेला लागून थप्पी.

एप्रिलच्या रविवारी फळी काट्याला लावली आणि मी चरकलो. वजन वाढलं होतं, नऊ किलो तीनशे. मला वाटलं काटा बिघडला. तू पेन्सिल हातात धरून हसलीस.

"कूलर पिऊन राहिलं ते," तू म्हणालीस. "आपण त्याले वाळू घातलं अन् वरतून पाणी पाजून राहिलो."

हलवायला जागा नव्हती. गच्चीवरच्या उन्हात फळ्या तडकल्या असत्या, मागच्या खोलीच्या भिंतीला ओल. शिवाय त्या नजरेआड गेलेल्या तुला चालणार नव्हत्या. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी वाळतील. तू काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस की मला सावध व्हायला हवं, हे चाळीस वर्षांत मी शिकलो नाही.

चार दिवसांनी मी दुपारी औषधं घेऊन परत आलो. बाहेर अंगाची लाही लाही होत होती. दार उघडलं तर घर गप्प. कूलर बंद. तू खाटेवर पडलेली, मानेखालची उशी भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. एक हात थप्पीवर.

"थोडा वेळच बंद केला जी," तू म्हणालीस. "तुम्ही गेले की करतो. रोजच करून राहिली."

रोज! मी किती घाबरलो होतो ते मला आत्ता कळतं. तेव्हा फक्त राग आला. मी पिशवी आपटली. "लाकडापायी जीव देतं का वं?" असं ओरडलो. आणि मग ते वाक्य म्हटलं. "हे लाकूड वाळेपर्यंत तू तरी राहशीन का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, मी चुकीचं माप सांगितल्यावर पाहायचीस तसं.

"मी नसली तरी टेबल त राहीन ना," तू म्हणालीस.

मी कूलर लावला आणि आत जाऊन गॅसजवळ उभा राहिलो. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं, मग तू पाणी मागितलंस किंवा फोन वाजला. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि माफी मागितली तर ते वाक्य पुन्हा एकदा खोलीत येईल याची भीतीही.

माफीच्या जागी मी दुसरं काही केलं. मे महिन्यात फळी टांगली तेव्हा काट्यावर नऊ किलो चारशे होते. मी वाचलं, "नऊ किलो शंभर." तू म्हणालीस, "कमी झालं?" मी म्हणालो, "झालं ना. कूलरनं काही होत नाही, तू उगाच जीव घालून राहिली होती." तू क्षणभर थांबलीस आणि लिहिलंस.

जूनमध्ये खरा आकडा नऊ पाचशे. मी सांगितला आठ नऊशे. जुलैत हवाच इतकी ओली की नऊ सहाशे. मी सांगितला आठ सातशे. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम उतरवले. डायरीत मात्र खरे आकडे लिहिले, कारण खरा आकडा कुठेतरी नोंदल्याशिवाय मला झोप लागत नाही. डायरी मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचो, घरात घाबरून वावरायचो, आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचो. कारण खोटं लागू पडलं होतं. त्यानंतर तू एकदाही कूलर बंद केला नाहीस. सकाळी उठल्यावर थप्पीला हात लावायचीस, तेही सोडून दिलंस. मला वाटलं, हात उचलत नसेल.

त्याच दिवसांत तू मला रंधा शिकवलास. ट्रंकेतून काढून, पातं दगडावर घासून घेऊन, बाभळीच्या एका टाकाऊ तुकड्यावर. तू खाटेवर टेकून बसलेली, मी घामाघूम. रंधा अडकायचा, उड्या मारायचा, लाकडाचे ढलपे उडायचे.

"जोर नका देऊ. चालू द्या त्याले," तू म्हणायचीस. "अन् उलटं काहून मारून राहिले? मांजरीच्या पाठीवरून हात फिरवता तसं, केसाच्या बाजूनं."

एका सकाळी पहिल्यांदा लांबच्या लांब पातळ साल निघाली, न तुटता. मी ती तुझ्या हातावर ठेवली. तू ती नाकाशी नेलीस आणि डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "बाबांले दाखवाले पाहिजे होतं." त्यांना काय दाखवायचं होतं, तू शिकवलेलं की मी शिकलेलं, मला कळलं नाही. हे विचारायचंही राहिलं.

तेव्हाच तू आणखी एक बजावलंस. रंधा दोन्ही बाजूंनी सारखा मारायचा. एकाच बाजूनं काढलं तर फळी वाकते. म्हणून आता मला पळवाट नाही. मी विचार केला होता, आकड्यांची बाजू खाली ठेवू, टेबलाच्या पोटाशी, तिथे कोण पाहतं? पण तू आधीच सांगून ठेवलंस.

सप्टेंबरमध्ये तू गेलीस. तेरा दिवस घर भरलेलं होतं. पल्लवी मला पुण्याला चल म्हणाली. मी म्हणालो, फळ्या आहेत. तिला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. मी तिला समजावलं नाही, कारण मलाही नीट सांगता आलं नसतं. सगळे गेल्यावर खाट तशीच, थप्पी तशीच. एका माणसाच्या घरात किती थोडा आवाज होतो, ते मला तेव्हा कळलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की पुढे दिवसभर काही नाही.

मी वजन करत राहिलो. फळीवर मात्र लिहिलं नाही, तुझ्या आकड्यांखाली माझं अक्षर नको वाटलं. हिवाळ्यात वजन उतरलं. आणि या उन्हाळ्यात मी कूलर काढलाच नाही. नवतपाचे नऊ दिवस, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक, शेजारपाजारच्या सगळ्या खिडक्या घरघरत होत्या आणि आपली तेवढी गप्प. समोरच्या वहिनी विचारायला आल्या, भाऊजी, कूलर बिघडला का? मी म्हणालो, लाकूड वाळून राहिलं. त्या परत गेल्या आणि ताकाचा तांब्या आणून ठेवून गेल्या. भर दुपारी मी तुझ्या जागेवर पडून राहायचो, उशी भिजेपर्यंत, हात थप्पीवर ठेवून. तू रोज काय करत होतीस ते करून पाहत होतो. कठीण आहे शालू. मला चाळीस मिनिटांच्या वर जमलं नाही.

तर हे असं आहे. मे, जून, जुलै. तीन आकडे खोटे. तुला खरं सांगितलं असतं तर तू कूलर बंद केला असतास, म्हणून खोटं सांगितलं. आणि त्या दुपारचं वाक्य मी मागे घेतो. घाबरलो होतो. एवढंच सांगायचं होतं.

इथवर लिहून मी आज सकाळी उठलो. पुसण्याआधी नक्कल ठेवायची ही कचेरीची खोड, म्हणून फळीवरचे तुझे आकडे वहीत उतरवायला घेतले, आणि बाजूला माझी डायरी ठेवली, खरे आकडे समोरासमोर लिहावे म्हणून. तू महिने लिहिले नव्हतेस, नुसते आकडे. एकेक लावत गेलो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. शेवटी फळीवरचा एक आकडा उरला. त्याच्यासमोर लिहायला डायरीत काही नव्हतं, जुलैनंतरची नोंद एकदम तू गेल्यावरची.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजले. फळीवर दहा, डायरीत जुलैपर्यंतचे नऊ. शेवटचा आकडा तुझ्याच हातचा, थोडा थरथरलेला. आठ किलो पाचशे.

ऑगस्टचा. आणि ऑगस्टमध्ये आपण वजन केलंच नव्हतं. त्या पहिल्या रविवारी मी सकाळपासून रामदासपेठेत होतो, तुझे रिपोर्ट घ्यायला. दुपारी परतलो तेव्हा हातात तो कागद होता, आणि त्या दिवशी कुणाला लाकूड आठवणार? वजन झालं की काटा मी काढून कपाटात ठेवायचो, तो तिथेच होता. तुला तर उशीही नीट उचलता येत नव्हती, फळी कुठून उचलणार? तू फक्त हात लांब केला असशील, थप्पीवरची पेन्सिल घेतली असशील आणि लिहून टाकलं असशील. बरोबर दोनशे ग्रॅम कमी. मी सांगितलं असतं तेवढंच.

मी खाटेच्या कडेला बसलो. तुझे हिवाळ्याचे आकडे समोरच होते. आधी सहाशेनं उतरलेले, मग पाचशेनं, मग त्याहून कमी. लाकूड असंच वाळतं, आधी भराभर, मग रेंगाळत. आणि त्याच्याखाली माझे, दर महिन्याला दोनशे, दोनशे, दोनशे, सरकारी हप्ता कापल्यासारखे. सुताराच्या पोरीसमोर मी हे वाचत होतो! तुला पहिल्याच आकड्याला कळलं असणार. म्हणून तू मे महिन्यात पेन्सिल घेऊन थांबली होतीस. म्हणून थप्पीला हात लावणं सोडलंस. हात लावला असतास तर थंड लागलं असतं, आणि मग तुला माझ्या तोंडावर गप्प बसणं जमलं नसतं. तू ओलं लाकूड ओलं राहू दिलंस आणि कूलर चालू दिलास. माझ्यासाठी.

आणि ज्या रविवारी मी नव्हतो, त्या रविवारी माझं खोटं तू पुढे चालवलंस. परत येऊन मी फळीकडे पाहिलं तर आकडा जागेवर असावा म्हणून. मी पाहिलंच नाही त्या दिवशी. दहा महिने पाहिलं नाही.

बोलली का नाहीस, असं विचारणार होतो. पण मी तरी कुठे बोललो?

मग मी उठलो आणि तुझ्या बाबांचा रंधा घेतला. जोर दिला नाही. केसाच्या बाजूनं, मांजरीच्या पाठीवरून. अकरा दोनशे गेला, त्याच्या खालचा गेला. सालींना लाल कडा यायच्या आणि त्या गुंडाळून खाली पडायच्या. त्या मी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तू हसली असतीस. आठ पाचशेशी आल्यावर थांबलो, चष्मा पुसला आणि तोही काढला. मग फळी उलटली आणि दुसऱ्या बाजूनंही तेवढाच हात मारला. अजून ती सपाट व्हायची आहे, वरची कात तेवढी निघाली. आतून सोन्यासारखा रंग निघाला. तू लकडगंजला पेरानं ठोकून सांगितला होतास तोच. मी वाकलो आणि गाल टेकवला. थंड नव्हती.

काटा रविवारपासून कडीलाच होता. सवयीनं फळी फासात घातली आणि हात सोडला. ती थोडी हलली, मग स्थिर झाली. आठ सहाशेतून शंभरएक ग्रॅमच्या साली जमिनीवर पडल्या होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी आकडा पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला, आणि खाटेकडे वळून मोठ्यानं वाचला.

"आठ किलो पाचशे. खरं सांगून राहिलो वं या वेळी."